एका गाण्यापायी अकरा कोटी वर्षं

रेवतीच्या लग्नाला ११ कोटी ६६ लाख ४० हजार वर्षं उशीर झाला. कारण अगदी साधं होतं. तिचे वडील एक गाणं संपायची वाट बघत थांबले.

गोष्ट भागवताच्या नवव्या स्कंधात आहे, विष्णुपुराणातही आहे. कुशस्थलीचा राजा ककुद्मी मुलीसाठी स्थळं बघत होता. मनात चार नावं होती, पण निर्णय होईना. शेवटी तो मुलीला घेऊन थेट ब्रह्मदेवाकडेच सल्ला विचारायला गेला. तिथे गंधर्वांचं गाणं रंगलं होतं. विष्णुपुराण गवयांची नावंही देतं, हाहा आणि हूहू. मैफलीत मध्येच तोंड उघडायचं नाही एवढी रीत राजाला होती. गाणं संपलं, त्याने नमस्कार केला आणि नावं सांगितली. ब्रह्मदेव हसला. ही मुलं गेली, त्यांची मुलं-नातवंडं गेली, त्यांच्या गोत्रांची नावंसुद्धा आता कुणाला ठाऊक नाहीत. तू इथे उभा होतास तेवढ्यात खाली सत्तावीस युगचौकड्या उलटल्या, असं त्याने सांगितलं. आता परत जा आणि बलरामाला मुलगी दे.

रेवती आधीच्या युगातली, त्यामुळे भलतीच उंच. विष्णुपुराणात बलराम नांगराच्या टोकाने तिला खाली दाबून आजच्या मापाची करतो. नवरीला असं बेतून घ्यायची कल्पना आज रुचणार नाही, पण वेळेच्या फरकाचा पुरावा म्हणून पुराणकाराने उंची निवडली हे मला फार हुशारीचं वाटतं. कोटींचा आकडा ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून जातो. नवऱ्यामुलापेक्षा कितीतरी पट उंच नवरी दिसते.

एक युगचौकडी ४३ लाख २० हजार वर्षांची. तिला सत्ताविसाने गुणलं की वरचा आकडा येतो. इथवर नेहमीची पौराणिक भव्यता आहे, आणि तिच्याकडे बघून मान डोलावून पुढे जायची आपल्याला सवय आहे. पण गणित जरा पुढे रेटून बघा. अशा हजार युगचौकड्यांचा ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे ४३२ कोटी वर्षं. रात्र तेवढीच. आपल्या बारा तासांच्या दिवसात सेकंद किती? ४३,२००. आता ४३२ कोटींना ४३,२०० ने भागा. उत्तर येतं बरोबर एक लाख. ना कमी ना जास्त. ब्रह्मदेवाच्या घड्याळात एक सेकंद सरकला की खाली लाख वर्षं गेलेली असतात.

शून्यं इतकी स्वच्छ उरतात कारण दोन्ही हिशेब बाराच्या आणि साठाच्या पाढ्यांतून आलेले आहेत. मग गाणं किती वेळ चाललं होतं? ११ कोटी ६६ लाख ४० हजार भागिले एक लाख. म्हणजे ११६६ सेकंद आणि वर थोडे. एकोणीस मिनिटं, सव्वीस सेकंद. घटिका चोवीस मिनिटांची, म्हणजे पाऊण घटिकेहून जरासं जास्त. विलंबित ख्याल ऐकलेल्या कुणालाही विचारा, बेताच्या लांबीचं गाणं झालं. पुराणकाराने सत्तावीस हा आकडा हवेतून काढलेला नाही. ककुद्मी वैवस्वत मनूच्या वंशातला, चौथ्या-पाचव्या पिढीचा, म्हणजे या मन्वंतराच्या आरंभीचा. आणि आपण अठ्ठाविसाव्या युगचौकडीत आहोत हे कुठल्याही पूजेच्या संकल्पात गुरुजी सांगतातच. मधल्या सत्तावीस कुठे गेल्या? गाण्यात गेल्या. जमाखर्च जुळतो.

इथे एक खुलासा केलेला बरा. हे वाचून कुणी ‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ असा संदेश फिरवणार असेल, तर त्यात माझं नाव नको. पुराणकाराला सापेक्षता माहीत नव्हती, भूशास्त्रही नव्हतं. त्याला कथा सांगता येत होती आणि हिशेब पक्का होता, याचंच मला जास्त कौतुक आहे.

पण हे घड्याळ हाती आलंच आहे तर त्यावर आपला खरा इतिहास लावून बघायचा मोह आवरत नाही. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं, म्हणजे ब्रह्मदेवाचे अडतीस तास वीस मिनिटं. कालचा दिवस, रात्र, आजचा अख्खा दिवस आणि वर रात्रीचे दोनेक तास. पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची, म्हणजे साडेबारा तासांपूर्वीची. अकरा कोटी वर्षांमागे, हाहा-हूहूंनी षड्ज लावला तेव्हा, जमिनीवर डायनोसॉर होते आणि भारताचा तुकडा मादागास्करला चिकटून दक्षिण गोलार्धात होता. गाण्याच्या आठव्या-नवव्या मिनिटाला दख्खनच्या भेगा उघडल्या आणि लाव्हा वाहू लागला. ज्या बसाल्टवर आज महाराष्ट्राचा बहुतेक भाग उभा आहे, ज्यात अजिंठा कोरलं आणि ज्यातून सह्याद्रीचे कडे झिजून निघाले, त्याचा मोठा भाग दहा लाख वर्षांच्या आत ओतला गेला. म्हणजे दहा सेकंदांत. तान घ्यायलाही कधी याहून जास्त वेळ लागतो.

आणि माणूस? आपल्या जातीचे सगळ्यांत जुने सापडलेले अवशेष सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे. तीन सेकंद. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सांगितली गेली. ब्रह्मदेवाच्या घड्याळात त्याला सेकंदाचा शंभरावा भागही झालेला नाही.

तीन सेकंदांचा हा आकडा नुसता गमतीचा नाही. मानसशास्त्रज्ञ ज्याला वर्तमान क्षण म्हणतात त्याची रुंदी साधारण तेवढीच आहे. विल्यम जेम्सने १८९० साली या क्षणाबद्दल लिहिलं: आपल्याला जाणवणारा ‘आत्ता’ हा सुरीच्या धारेसारखा नसतो, त्याला लांबी असते. पुढे अर्न्स्ट पॉपेल या जर्मन संशोधकाने ती दोन ते तीन सेकंदांची धरली. बोलताना एका दमात सुटणारा वाक्याचा तुकडा, कवितेची ओळ, हस्तांदोलन ही सगळी याच मापात बसतात. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात सेकंद असतात सुमारे २५२ कोटी. त्यांना तीनाने भागलं तर माणसाच्या वाट्याला ८४ कोटी ‘आत्ता’ येतात. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा शंभरदा. आकड्यांना विनोदबुद्धी असते असं अशा वेळी वाटतं.

‘आत्ता’च्या आतही आणखी एक खोली आहे. पायाच्या अंगठ्याला आणि नाकाला एकाच वेळी हात लावा. दोन्ही स्पर्श एकदमच जाणवतात. वास्तविक अंगठ्याकडून येणाऱ्या संदेशाला मेंदूपर्यंत कितीतरी लांबचा पल्ला असतो. डेव्हिड ईगलमन या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की मेंदू उशिरा येणाऱ्यांसाठी थांबतो, सगळे संदेश गोळा करतो आणि मग ‘हे आत्ता घडलं’ म्हणून आपल्यासमोर ठेवतो. हे थांबणं साधारण ऐंशी मिलिसेकंदांचं, सेकंदाच्या बाराव्या हिश्शाचं. धोबीघाटावर तीसेक मीटरच्या आत उभे असाल तर कपडा दगडावर आपटताना दिसणं आणि त्याचा आवाज एकदम होतात. त्यापलीकडे गेलात की आवाज मागे पडू लागतो. आवाजाला तीस मीटर कापायला लागणारा वेळ आणि मेंदूची ही सवलत जवळपास सारखीच आहे.

ही सवलत ब्रह्मदेवालाही असेल तर? त्याचे ऐंशी मिलिसेकंद म्हणजे आपली आठ हजार वर्षं. मोहेंजोदडो वसलेलं असतानाचा काळ आजपासून साधारण साडेचार हजार वर्षांमागे, म्हणजे त्याच्या हिशेबाने पंचेचाळीस मिलिसेकंद. सेकंदाला चोवीस चौकटी धावणाऱ्या सिनेमात एक चौकट बेचाळीस मिलिसेकंद टिकते. सिंधूकाठच्या पक्क्या विटांपासून हातातल्या मोबाईलपर्यंतचा सगळा इतिहास त्याला एकाच चौकटीत दिसेल. कोण आधी, कोण नंतर हे त्याला सांगता येणार नाही. बुद्ध, शिवाजी महाराज, बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी, सगळे एकदम. पुराणातला ब्रह्मदेव खाली घडलेलं इतकं नेमकं कसं सांगू शकला हा प्रश्न मग पडतो, पण तो देव आहे, त्याला सूट द्यायला हवी.

आपल्याहून बारीक चाळणीने वेळ गाळणारे जीवही आहेत. लुकलुकणारा दिवा किती वेगाने लुकलुकला की सलग दिसू लागतो, यावरून हे मोजतात. माणसाची मर्यादा सेकंदाला साधारण साठ वेळा. घरमाशीची अडीचशेच्या आसपास. समुद्रातल्या चामडी पाठीच्या मोठ्या कासवाची जेमतेम पंधरा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे बरेच प्राणी एकत्र मांडले गेले आणि ढोबळ नियम दिसला: देह लहान आणि शरीराची भट्टी तेज, तर डोळ्यांत वेळेचे तुकडे जास्त. जुन्या चोकवाली ट्यूबलाइट आपल्याकडच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते. आपल्याला ती शांत दिसते. माशीला मात्र ती सतत फडफडताना दिसत असणार. वर्तमानपत्राची सुरळी घेऊन तिच्यामागे धावणारा माणूस तिला किती सुस्त वाटत असेल ते सांगायला नको.

याच्याही खाली उतरायचं म्हटलं तर पाय टेकत नाहीत. १९६७ पासून सेकंदाची अधिकृत व्याख्या सीझियमच्या अणूवर आहे: ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० कंपनं म्हणजे एक सेकंद. २०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल अ‍ॅटोसेकंदांच्या प्रकाशस्पंदांसाठी दिलं गेलं. विश्वाच्या आरंभापासून आजवर जितके सेकंद झाले, त्याच्या दुपटीहून जास्त अ‍ॅटोसेकंद एका सेकंदात मावतात. वाक्य पुन्हा वाचलंत तरी काही जाणवणार नाही. मलाही जाणवत नाही. तिथे उंच नवरी नाही.

आकडा आणि जाणीव यांची फारकत किती आहे हे दोन माणसांनी आपापल्या परीने दाखवून दिलं. पहिला मिशेल सिफ्र, फ्रेंच भूशास्त्रज्ञ. १९६२ च्या जुलैत, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो आल्प्समधल्या एका हिमगुहेत घड्याळाशिवाय दोन महिने राहायला उतरला. वरच्या सहकाऱ्यांना तो फोन करी, उठलो, जेवलो, झोपतो असं कळवी. ते मात्र त्याला वेळ सांगत नसत. १४ सप्टेंबरला मुदत संपल्याचं त्याला कळवलं. त्याच्या वहीत तेव्हा २० ऑगस्ट होता. पंचवीस दिवस हरवले होते. सेकंदाला एक या हिशेबाने एकशेवीस अंक मोजायला सांगितलं, तेव्हा तेवढं मोजायला त्याने पाच मिनिटं घेतली. गंमत म्हणजे शरीराचं घड्याळ मात्र फारसं चुकलं नव्हतं. त्याचं झोपणं-जागणं एकंदर चोवीस तासांच्या थोडंच पुढे चाललं होतं. देह दिवस मोजत होता, पण मनाकडे नोंद नव्हती. गुहेतला मंगळवार बुधवारसारखाच आणि बुधवार गुरुवारसारखा, तर मन तीन दिवसांचं एकच पान करून टाकतं.

दुसरा प्रयोग उलटा. अपघातात वेळ मंदावते, असं त्यातून वाचलेले लोक हमखास सांगतात. ईगलमन आणि सहकाऱ्यांनी डॅलसमध्ये माणसांना एकतीस मीटरवरून पाठीच्या बाजूने मोकळं सोडलं, खाली जाळं होतं. पडायला लागतात अडीच सेकंद. मनगटावर एक यंत्र बांधलेलं, त्यावर आकडे इतक्या झरझर उलटत होते की एरवी वाचता येऊ नयेत. वेळ खरोखर मंदावत असेल तर पडताना ते वाचता यायला हवेत. कुणालाही आले नाहीत. पण नंतर विचारल्यावर दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा स्वतःचं पडणं लोकांना सरासरी ३६ टक्के लांब वाटलं होतं. २००७ साली हे प्रसिद्ध झालं. घडताना वेळ ताणली गेली नाही. आठवताना ताणली गेली, कारण भीतीने मेंदूला बारीकसारीक सगळं लिहून घ्यायला लावलं.

म्हणजे आठवणीतल्या वेळेची लांबी तपशिलांवर ठरते. गोष्ट सांगणाऱ्यांना हे प्रयोगशाळेच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक आहे, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की कथेत वेळ शून्यांनी वाढत नाही, शब्दांनी वाढते.

महाभारताच्या आदिपर्वात पर्वसंग्रह आहे, कुठल्या पर्वात किती श्लोक त्याची यादी. द्रोणपर्वाचे ८,९०९. द्रोणाचार्य सेनापती होते पाच दिवस. दिवसाला जवळजवळ अठराशे श्लोक. युद्धानंतर छत्तीस वर्षं पांडवांचं राज्य चालतं आणि छत्तिसाव्या वर्षी यादवांचा अंत होतो, ते मौसलपर्व ३२० श्लोकांत आटपतं. व्यासांनी सुखाच्या वर्षांवर शाई घालवली नाही. शंख वाजले, शस्त्रं उचलली गेली, आणि त्या टोकावर गीतेचे सातशे श्लोक. श्लोकाला दहा सेकंद धरले तरी दोन तास झाले. इतका वेळ अठरा अक्षौहिणी सेना काय करत होती, हा प्रश्न शाळेत प्रत्येकाने एकदा तरी विचारलेला असतो आणि प्रत्येकाला गप्प बसवलेलं असतं. उत्तर सोपं आहे: कथेच्या घड्याळात ते दोन तास झालेच नाहीत. ज्ञानेश्वरांनी त्याच खिंडीत नऊ हजार ओव्यांचं घर बांधलं, तरी कुरुक्षेत्रावरचा सूर्य हलला नाही. कीर्तनकार आजही तेच करतो. द्रौपदीच्या पदराला हात लागतो आणि बुवा थांबून अभंगाला सुरुवात करतात.

आपल्या दैनिक मालिकांनी या युक्तीचं काय केलं ते बघवत नाही. आरतीचं तबक पडतं, तीन वेळा पडतं, मग घरातल्या अकरा चेहऱ्यांवरून कॅमेरा फिरतो आणि भाग संपतो. इथेही वेळ ताणलेली आहे, पण आत तपशील नाही, नुसता आवाज आहे. मालिकेत पंधरा दिवस चाललेल्या हळदीतलं महिन्याभराने काही आठवत नाही, याचं कारण सिफ्रच्या गुहेत आहे.

ताणण्याची खरी कमाल पाहायची तर अँब्रोज बिअर्सची १८९० सालची आउल क्रीक पुलावरची कथा वाचावी. फाशी दिलेला माणूस दोर तुटून नदीत पडतो, पोहतो, जंगल तुडवत घरापर्यंत पोहोचतो. आणि मग कळतं की हे सगळं पायाखालची फळी निघणं आणि मान मोडणं यांच्यामध्ये घडलं. बोर्हेसने १९४३ च्या एका कथेत हिशेबच मांडला. प्रागमधला एक लेखक, सकाळी नऊला गोळी घालायची ठरलेली. त्याने देवाकडे अपुरं नाटक पुरं करायला एक वर्ष मागितलं. सैनिक बंदुका रोखतात, सुभेदाराचा हात वर जातो आणि जग थिजतं. वर्षभर तो तसाच उभा, मनात नाटक रचतो. शेवटचा शब्द सापडतो, गालावरचा पावसाचा थेंब पुन्हा घरंगळू लागतो, गोळ्या सुटतात. वेळ नऊ वाजून दोन मिनिटं. वर्षात सव्वापाच लाख मिनिटं असतात. दोन मिनिटांत ती मावली म्हणजे वेळ अडीच लाख पटींहून जास्त फुगली. ‘इंटरस्टेलर’ सिनेमातल्या ग्रहावर तासाला पृथ्वीची सात वर्षं जातात, तिथे पट साठ हजारांची. आणि खऱ्या जगात? दिशादर्शक उपग्रहांवरची घड्याळं आपल्यापेक्षा दिवसाला अडतीस मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्त केली नाहीत तर दिवसाभरात नकाशा किलोमीटरांनी चुकतो.

या स्पर्धेत आपला नारद सहज पुढे जाईल. नदीत बुडी मारली आणि वर आला तो बाई होऊन. लग्न झालं, संसार झाला, साठ मुलगे झाले, आणि पुन्हा बुडी मारल्यावर तोच नारद, तोच काठ. नारदाची नारदी झाली असं आपण सहज म्हणून जातो, पण ते साठ मुलगे म्हणजे प्रभवापासून क्षयापर्यंतची साठ संवत्सरं, हे विसरलं जातं. दर पाडव्याला पंचांगात ज्या संवत्सराचं नाव वाचतो तो त्या बाईचा मुलगा. पाण्याखालचा वेळ तीस सेकंद आणि संसार साठ वर्षांचा धरला तर पट होते सहा कोटींच्या वर. बोर्हेस फार मागे राहिला. पण मला ही कथा पटींसाठी आवडत नाही. साठ बाळंतपणं ऐकताना वेळ अंगावर येते, म्हणून आवडते.

उलट टोकाला ओलाफ स्टेपलडन आहे. १९३० सालच्या त्याच्या ‘लास्ट अँड फर्स्ट मेन’ या कादंबरीत माणसाच्या अठरा जाती येतात आणि जातात. काळ २०० कोटी वर्षांचा. तीनशे पानांची आवृत्ती धरली तर पानामागे सहासष्ट लाख वर्षं. कल्पनाशक्ती अचाट, यात वाद नाही. पण पुस्तक मिटल्यावर काळ जाणवल्याचं समाधान मला मिळालं नाही. एखाद्या खतावणीतून बोट फिरवल्यासारखं वाटलं. एच. जी. वेल्सचा कालप्रवासी १८९५ साली आठ लाख वर्षं पुढे गेला, आणि तिथली नदीत बुडणारी एक मुलगी त्याने वाचवली. ती मुलगी लक्षात राहते.

व्हर्जिनिया वुल्फने १९२७ च्या ‘टू द लाइटहाउस’मध्ये याहून धीट गोष्ट केली. पहिल्या भागात एक दुपार-संध्याकाळ, तिसऱ्यात एक सकाळ, दोन्ही सविस्तर. मधली दहा वर्षं वीसेक पानांत. त्यात महायुद्ध होऊन जातं, आणि जिच्याभोवती पहिला भाग फिरत होता ती आई चौकटी कंसातल्या एका वाक्यात मरते. पानं मुख्यतः रिकाम्या घरावर, धुळीवर, वाऱ्यावर खर्च झालेली. दहा वर्षं गेल्याचा धक्का ज्यांना पाहिजे त्यांनी ती वीस पानं वाचावीत. दोनशे कोटी वर्षांची गरज नाही.

आणि जॉइसचा ‘युलिसिस’? १६ जून १९०४, सकाळी आठपासून मध्यरात्र उलटून जाईपर्यंतचं डब्लिन, सुमारे २ लाख ६५ हजार शब्दांत. एकोणीस तास धरले तर मिनिटाला दोनशे तीसच्या आसपास शब्द पडतात. सरावलेल्या वाचकाचा मनातल्या मनात वाचायचा वेग साधारण तोच. म्हणजे तो दिवस जितका लांब तितकंच पुस्तक लांब; वेळ ना ताणलेली ना आखडलेली, एकास एक. मराठीत संज्ञाप्रवाहाचा हा मार्ग मर्ढेकरांनी ‘रात्रीचा दिवस’ या कादंबरीत १९४२ साली धरला. इंग्रजी कादंबऱ्यांची मोजदाद करणाऱ्या टेड अंडरवुड यांना असं आढळलं की अडीचशे शब्दांच्या उताऱ्यात मावणारा काळ गेली तीनशे वर्षं आखडत आला आहे. जुना कादंबरीकार परिच्छेदात दिवसच्या दिवस ओलांडून जाई, नवा पायरी-पायरीने जिना उतरतो.

आता आपल्या खऱ्या आयुष्याकडे. ‘वर्षं कशी भुर्रकन गेली’ या वाक्याला पॉल जाने या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८७७ मध्ये गणित दिलं. दहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा भाग, साठीच्या माणसाला साठावा. हे मानलं तर पाच ते दहा, दहा ते वीस, वीस ते चाळीस आणि चाळीस ते ऐंशी हे चारही टप्पे मनाला सारखेच लांब. पाचव्या वर्षी आठवणी सुरू होतात असं धरलं, तर ऐंशी वर्षं जगणाऱ्या माणसाचं जाणवलेलं अर्धं आयुष्य विसाव्या वाढदिवसाला संपलेलं असतं. कॉलेज संपायच्या आत मध्यंतर. सूत्र देखणं आहे, आणि म्हणूनच चाळिशीच्या गप्पांत ते फार चालतं.

मला ते पटत नाही. आठवड्यांचं माप त्यात चुकतं. मार्क विटमन आणि सांड्रा लेनहॉफ यांनी २००५ साली जर्मनी-ऑस्ट्रियातल्या १४ ते ९४ वयाच्या ४९९ लोकांना विचारलं, की गेला आठवडा, महिना, वर्ष किती वेगाने गेलं. जानेचं गणित खरं असतं तर ऐंशीच्या आजोबांचा आठवडा विशीच्या नातवाच्या आठवड्याच्या पाव हिश्शाचा वाटायला हवा होता. तसं दिसलं नाही. आठवडे, महिने सगळ्या वयांना जवळपास सारख्याच वेगाचे वाटत होते. वयाचा ठळक फरक पडला तो एकाच प्रश्नावर: गेली दहा वर्षं कशी गेली?